पुसलेली फुली

ऑक्टोबरात मी पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जाणार होते. बोहुशकाकांनी टेबलावर तात्रा पर्वतातल्या रानाचा नकाशा पसरला आणि झऱ्याजवळच्या मचाणावर पेन्सिलीनं फुली मारली.

काका चहा घेऊन वळले, तर फुली पुसलेली.

"व्लास्ता, चाळे पुरेत!"

"मी हातसुद्धा लावला नाही, काका."

त्यांनी पुन्हा दोनदा फुली मारली; दोन्ही वेळा ती पुसली गेली. वैतागून आम्ही टेकडीवरचं मचाण निवडलं. ती फुली टिकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षकाचा फोन आला. झऱ्याजवळचं मचाण कोसळलं होतं.

"कोणी का असेना, त्याचं भलं होवो," म्हणत काकांनी छातीवर क्रूस रेखला. मीही मनापासून आभार मानले.

मग मी शिकारीचा परवाना उघडला. त्यावर काकांनी शाईनं दोघांची नावं लिहिली होती. आता तिथे माझ्या एकटीचंच नाव उरलं होतं.