दुसरी किल्ली

"सगळ्या किल्ल्या जागेवर आहेत, मॅडम. करा सुरू," साहेब म्हणाले. त्यांच्यामागे दिल्लीचे पाहुणे ताटकळले होते.

कुमुदचा हात बटणापाशी थबकला. अणूच्या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या, प्रवेगकाच्या, भुयारात जाणाऱ्याने फळ्यावरची आपली किल्ली बरोबर न्यायची, बाहेर आल्यावर परत लावायची, हा तिथला नेम. एक जरी किल्ली कमी असली तरी यंत्र चालू होत नसे. कारण चालू यंत्राजवळ माणूस जगत नाही. फळा भरलेला होता. पण समोरच्या पडद्यावर भुयाराच्या दाराबाहेर फिटर धोंगड्यांच्या चपलांचा जोड दिसत होता.

"धोंगडे आत आहेत, साहेब."

"त्यांची किल्ली लागलीय की!"

ती किल्ली नवी कोरी होती. कुमुदच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"डुप्लिकेट काढलीत?"

"मग काय करू? हे लोक किल्ल्या खिशात घालून घरी जातात आणि आपण खोळंबतो. जेवायला गेले असतील ते."

"अनवाणी?"

तिने फळ्यावरून आपली किल्ली उपसली आणि ती भुयारात धावली. धोंगडे चुंबकाखाली उताणे पडून निवांत बोल्ट आवळत होते. त्यांची किल्ली त्यांच्या खिशात होती.

ती त्यांना घेऊन बाहेर आली, तेव्हा साहेब हसले. "काही झालं नाही ना? लावा आता तुमची किल्ली."

कुमुदने किल्ली पर्समध्ये टाकली आणि पर्स खांद्याला अडकवली.

"माझी डुप्लिकेट अजून काढली नाहीत ना? मग पाहुण्यांना चहा पाजा, साहेब."