पाणी मारलं

इंद्रजितशेटची चेन्नईला सोनं गाळायची दोन दुकानं हायत. पण विट्याजवळच्या फार्महाऊसवरचा, दहा वरसं कोरडा पडून चिरा गेलेला सिमेंटचा पोहायचा तलाव दुरुस्त करायचा म्हटल्यावर त्याला काहीच परवडंना. माझ्या गवंडी नवऱ्यानं आहे त्याच भिंतींच्या चिरा भरल्या, आतनं प्लॅस्टर केलं. ते वाळून तडकू नये म्हणून त्याच्यावर पाणी मारायचं काम माझ्याकडं आलं.

"धोंडुबाई, सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. चुकलीस तर बघ," शेटनं दम दिला.

इकतचं पाणीबी त्याला परवडलं न्हाई. चौथ्या दिवशी आमच्या वस्तीवर येणारा पाण्याचा टँकर त्यानं वाटंतच वळवला आणि तलावात रिकामा करून घेतला. वस्तीवरच्या बाया घागरी मांडून दुपारपतूर उन्हात बसल्या. लेकरांच्या तोंडचं पाणी भिंती पीत व्हत्या.

आठवड्यानं शेट बघायला आला. तलाव ठणठणीत कोरडा, आणि प्लॅस्टर पार तडकलेलं. माझा नवरा खाली मान घालून उभा.

"धोंडे, तुला पाणी मारायला सांगितलं व्हतं न्हवं?" शेट माझ्या अंगावर धावून आला.

डोक्यावरची घागर मी खाली ठेवली न्हाई.



"मारलं की शेट. आधी तुमी मारलं, मग सकाळ-संध्याकाळ सगळ्या वस्तीनं मारलं."