थांबायची खूण

चाकणच्या कारखान्यातल्या, पत्रे दाबून आकार देणाऱ्या त्या प्रेस शॉपमध्ये शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. कुणाचा हात जाऊ नये म्हणून इंजिनिअर सुखदाने तिथे हाताची खूण ओळखणारा सेन्सर बसवला. त्याच्या उजेडासमोर तळवा धरला की प्रेस थांबणार होती. पण चाचणीत सगळे कामगार डावा हात डोक्यावर आपटत राहिले आणि प्रेस चालूच राहिली.

सुखदा सगळ्यात जुन्या कामगारावर वैतागली. "हरिहरकाका, नुसता तळवा दाखवायचाय हो. काय पोरखेळ लावलाय?"

"मॅडम, घाईत हात आपोआप डोक्यावरच जातो. तुमच्या मशीनलाच आमची थांबायची खूण शिकवा."

"पण ही कुठली खूण?"

"आमच्यातल्या रणजीतचा उजवा हात प्रेसमध्ये अडकला, तेव्हा तो डाव्यानं असं करत होता."

"मग थांबवलीत ना प्रेस?"

हरिहर खाली बघत म्हणाले, "आम्हाला वाटलं, चेष्टा करतोय. आम्हीही हसत हसत तसंच करून दाखवलं."