जिंकलं कोण?

"बोट वर कर, गाढवा!" तलवार रोखून तो ओरडला.

पायाशी वाळूत पडलेला ड्रोमो नुसता हसला. रोमन आखाड्यात हरलेल्याने बोट वर करून जीव मागायचा. मारायचं की सोडायचं, ते वर सज्जात बसलेला प्रांताचा सुभेदार ठरवणार.

"चार वर्षं एका ताटात जेवलोय आपण. कर ना रे!"

"त्याच्याकडे भीक? तूच माग."

मार! मार! मार!

सगळा आखाडा ओरडत होता. त्याने तलवार फेकली आणि स्वतःचंच बोट वर केलं.

पंच धावत आला. "अरे, जिंकलायस तू!"

"नाही, मी हरलो."

"मग जिंकलं कोण?"

"हा काय, पडलाय."

सुभेदाराने हात उचलायच्या आत ड्रोमो कसाबसा कोपरावर उठला, रक्त थुंकला आणि म्हणाला, "मी जिंकलोय ना? मग मी सोडलं याला."