हॉप्सचा वास

प्रतापला घरी इंडिया पेल एल, म्हणजे हॉप्सच्या उग्र वासाच्या फुलांची कडू बिअर, करायचा नाद होता. आज धुताना एक बाटली फुटली, म्हणून बिअर ढवळायच्या लाकडी दांड्यानेच त्याने बायकोला, उर्जाला, ढोरासारखं बडवलं. ती किंचाळत राहिली. दमल्यावर त्याने बूट चढवले.

"बुचं घेऊन येतो. पातेलं उकळू दे, हॉप्स मी आल्यावर टाकीन. मागच्या वेळी त्यांचा वास जिन्यात गेला, तर समोरची म्हातारी पोलिसांना बोलवायला निघाली होती. आज वास गेला तर जीव घेईन तुझा."

दाराला बाहेरून किल्ली फिरली.

उर्जा भिंत धरून उठली. होती नव्हती तेवढी हॉप्सची पाकिटं तिने उकळत्या पातेल्यात उलटी केली आणि दारातली टपालाची फट उघडून टॉवेलने वाफ बाहेर लोटत राहिली. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधल्या त्या लख्ख जिन्यात कडूजहर वास भरला.

थोड्याच वेळात म्हातारी दारावर थापा मारत ओरडू लागली. तिच्या जर्मनमधला एकच शब्द उर्जाला कळला, पोलीस.

"बोलवा, काकू," ती फटीतून मराठीतच म्हणाली. "तीन वर्षं ओरडतेय, तेव्हा नाही आलात. वासाला तरी आलात."