केबिनातलं थर्मामीटर

रुख्माबाईने दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या केबिनात शेगडी पेटवली आणि उष्माघाताचा वॉर्ड गार झाला. म्हणजे, असं काही घडलंच नाही. नवरा केवलराम वॉर्डात तापून बेशुद्ध होता आणि एसी सारखा बंद पडत होता, एवढंच खरं.

“काऊन बंद होते, भाऊ?”

“मशीनचं थर्मामीटर साहेबाच्या केबिनात आहे, बाई,” मेकॅनिक हेमराज म्हणाला. “थे केबिन गार झाली का मशीनले वाटते, सारा दवाखाना गार झाला.”

“मंग इकडं लाव ना! माणूस मरून राहिला माहा!”

“साहेबाची सही लागते. साहेब म्हणते, गार तं आहे!”

मग रुख्माबाईने शेगडी मुळीच पेटवली नाही. शहाण्यासारखा अर्ज लिहवून घेतला: ‘महोदय, माझे पती शुद्धीवर येईपर्यंत आपण रोज दुपारी बारा ते चार केबिनात उकडत बसावे, ही नम्र विनंती.’