गॅस स्वस्त की वीज

"वीजच स्वस्त पडते, बाबा. किती वेळा सांगू?"

लेकीने दारातच चपला काढल्या आणि पर्ससकट खुर्चीत बसली. बसस्थानकाच्या तिकीट खिडकीत दिवसभर बोलून तिच्या घशाला कोरड पडली होती. घरी येऊन पुन्हा तोच विषय उगाळायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"काटा खोटं बोलत नाही," बाबा म्हणाले. समोरच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी वजनकाटा मागून आणला होता. सिलिंडर तोलून दोन दिवस सगळा स्वयंपाक गॅसवर केला, पुन्हा तोलला. मग दोन दिवस लेकीने आणलेल्या नव्या विजेच्या शेगडीवर केला आणि मीटर वाचला. "गॅसच स्वस्त. थोडाथोडका नाही, चांगला चौथ्या हिश्शाने."

"सिलिंडर जिन्यावरून वर आणायची हमाली धरलीत?"

"धरली."

"पुढच्या महिन्यात गॅस वाढतोय म्हणे."

"आणि वीज काय फुकट वाटणार आहेत?"

बाबांचं बरोबर होतं, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नवे दर आल्यापासून गावात जो तो हाच हिशेब करत होता. वाण्याच्या दुकानात, न्हाव्याकडे, तिच्या खिडकीपुढच्या रांगेतसुद्धा. तिला फक्त निमित्त हवं होतं आणि ते आयतं मिळालं होतं.

खरी गोष्ट वेगळीच होती. मागच्या आठवड्यात ती घरी आली, तर जिन्यापर्यंत गॅसचा भपकारा. आत शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं. आणि दोन हातांवर बाबा निवांत पेपर वाचत बसलेले. तिने धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या. "काय गं, काय झालं?" बाबांनी विचारलं. "उकडतंय," ती म्हणाली.

मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. आधी चालू राहिलेली शेगडी, मग चुकलेली घरची वाट, मग पोटच्या पोरांची नावं. शेवटी काका आरशातल्या माणसाला 'या, बसा' म्हणायचे. बाबांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं, की बाबा, आता तुमची पाळी? उभी हयात वसतिगृहाच्या भटारखान्यात काढलेला आचारी माणूस. त्याला शेगडीपासून दूर हो म्हणायचं तरी कसं? म्हणून तिने विजेची शेगडी आणली आणि स्वस्त-महागाचं तुणतुणं लावलं. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. दिवसा तिकीट देताना बोटं चुकत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परतली, तर ओट्यावर गॅसची शेगडी नव्हती. खालचा सिलिंडरही नव्हता.

"देऊन टाकला," बाबा म्हणाले. "गॅसवाल्याला बोलावलं आणि कनेक्शनच बंद केलं."

तिच्या छातीवरचा दगड हलला. "पटलं ना शेवटी? वीजच स्वस्त?"

"छट्! गॅसच स्वस्त."

"मग दिलात कशाला?"

बाबा खुर्चीच्या दांड्यावरून उगाचच हात फिरवत राहिले. "दुपारी वरच्या मास्तरीणबाई ओरडत आत आल्या. शेगडी चालू होती. जाळ नव्हता."

इतके दिवस गिळलेले शब्द तोंडून निसटलेच. "विसरलात ना बंद करायला?"

"विसरायला काय झालंय मला? वाऱ्याने जाळ विझला. शेगडीकडे पाठ करून मी इथेच वाटाणे सोलत होतो. बाईंना जिन्यात वास आला आणि मला..." त्यांनी मान खाली घातली. "मला वास येत नाही गं. गेल्या वर्षीच्या तापात गेला तो गेलाच. वर्ष होत आलं. कसलाच येत नाही."

तिने पर्स ओट्यावर ठेवली.

"तुला काय सांगणार? नुसता जाळ बघून निभावत होतो. जाळ बघायचा, रंग बघायचा, फोडणीचा आवाज ऐकायचा. तुझ्या त्या शेगडीला जाळच नाही. तिच्यावर चार दिवसांत माझं पितळ उघडं पडलं असतं. म्हणून गॅस गॅस करत बसलो. भाव गेला चुलीत! पण आज बाई आल्या नसत्या, तर तू दार उघडून दिवा लावला असतास..."

"बाबा," ती म्हणाली. "मागच्या आठवड्यात मी आले, तेव्हाही बटण अर्धवट फिरलेलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

"ओटा पुसताना फडकं लागलं असेल. मी संध्याकाळीच पुसतो. त्या दिवशी तू निळी छत्री विसरून गेली होतीस, ती आत ठेवली आणि मग पुसायला घेतला." बाबा चिडले. "पण मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

ती भिंतीला टेकली आणि हळूहळू घसरत खाली फरशीवर बसली.

"म्हणजे तुम्हाला सगळं आठवतंय. फक्त नाक गेलंय?"

"फक्त?" बाबा दुखावले. "आचाऱ्याचं नाक गेलं आणि तू फक्त म्हणतेस?"

ती हसत होती की रडत होती, त्यांना कळेना. ओंजळीत तोंड खुपसून ती एकच म्हणत राहिली, "फक्त नाक, बाबा. फक्त नाक."